माळ्यावर कोंडलेली हवा बाहेर कशी काढाल?

मे महिन्यात दुपारी ३ वाजता आमच्या कोकणातल्या घराच्या माळ्यावर डोकं घातलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटायचं. पूर्वी मंगलोरी कौलांच्या सांध्यांतून वारा खेळायचा. गळती थांबावी म्हणून आम्ही कौलांखाली प्लॅस्टिक अंथरलं, खालून पीव्हीसीचं सीलिंग मारलं आणि हवा मधल्यामध्ये अडकली. त्यावर उपाय म्हणून मी एक्झॉस्ट फॅन बसवला. तो रात्रंदिवस गरगरला, माळा तसाच तापलेला. आत हवा यायला वाटच नव्हती, पंखा ओढणार काय?

म्हणून आधी खालून हवा आत यायला वाट करा; पण त्यापूर्वी माळा तपासा. सकाळी लवकर, नाकाला रुमाल बांधून, बॅटरी घेऊन चढा. पाय तुळईवर ठेवा, सीलिंगवर नको. गांधीलमाश्यांचं पोळं नाही ना, तेही बघा. वाशांवर काळे डाग, खिळ्यांना गंज दिसला तर ओल साठते आहे. स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या पंख्याचा पाइप माळ्यातच सुटला असेल, तर तो आधी भिंतीबाहेर काढा.

आता हिशोब. माळ्याच्या क्षेत्रफळाचा साधारण दीडशेवा भाग हवेच्या ये-जा साठी मोकळा लागतो. त्यातला अर्धा वळचणीला, अर्धा आढ्याजवळ. ३०० चौरस फुटांच्या माळ्याला एकूण २ चौरस फूट, म्हणजे खाली १ आणि वर १. जाळी आणि झरोक्याच्या तिरक्या पट्ट्या हवा अडवतात, त्यामुळे भोकं जवळपास दुप्पट पाडा.

वळचणीला, भिंतीच्या माथ्यावर वाशांमधल्या फटी बहुधा सिमेंटने बुजवलेल्या सापडतील. घराच्या दोन्ही अंगांनी त्या मोकळ्या करा आणि पाव इंची जाळी ठोका. मच्छरदाणीची बारीक जाळी धुळीने लवकर बुजते. वरच्या बाजूला दोन्ही तिकोनी भिंतींत, आढ्याच्या जितकं जवळ जमेल तितकं, झरोके काढा. पट्ट्या बाहेरच्या बाजूला उतरत्या हव्यात. नैर्ऋत्येच्या झरोक्यावर छोटा छज्जा काढायला विसरू नका; आमच्याकडे पहिल्याच पावसात गोधड्या भिजल्या.

झाल्यावर भर दुपारी, पंखा बंद ठेवून, वळचणीशी अगरबत्ती धरा. धूर आत वळला आणि झरोक्याशी बाहेर पडला की काम जमलं. वळचणीतून बाहेरच जात असेल तर वारा समोरच्या अंगाने येत नाही ना, बघा आणि संध्याकाळी पुन्हा करून पाहा.

जुलैत मात्र बाहेरची हवाच ओली असते. झरोक्यांनी घरातली वाफ निघून जाईल, माळा कोरडा होणार नाही. पापडांचे डबे खालीच ठेवा.