तिथे कुणाच्याही ओट्यावर चढू नका

मे महिन्यात मी अमेरिकेहून अमळनेरला आलो की ऊन उतरल्यावर कुणी ना कुणी ओट्यावर येऊन बसतंच. पोराला टेक्सास राज्यातल्या डॅलसकडच्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालेली असते, ऑगस्टमध्ये निघायचं असतं. कुकर न्यावा का, कळण्याचं पीठ अडवतात का, हे सगळं विचारून झालं की बाप आवाज खाली आणतो, "भाऊ, तिकडे गोळ्या झाडतात म्हणे." गेल्या आठवड्यात चोपड्याच्या एका मावशींनी हेच विचारलं. मला हसू आलं. चोपड्याच्या वर, सातपुड्यात, मध्य प्रदेशच्या सीमेवर उमर्टी आहे, आणि तिथल्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या आपल्याला काही नव्या नाहीत. मावशीही हसल्या. पण प्रश्न खरा आहे, म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

आपल्याकडे बंदूक म्हटली की आधी परवाना. १९५९ चा शस्त्र कायदा, कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या, पोलिसांची चौकशी. माझ्या आजोबांकडे रानडुकरांसाठी घेतलेली बारा बोअरची होती. निवडणूक जाहीर झाली की ती सायकलच्या दांड्याला बांधून पोलीस ठाण्यात जमा करायचे. निकाल लागून महिना झाला तरी आणायला जायचे नाहीत. "तिथेच बरी," म्हणायचे.

तिकडे सगळं उलटं. शस्त्र बाळगणं हा १७९१ पासून त्यांच्या घटनेतला हक्क आहे, आणि तो एकेका माणसाचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये सांगितलं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, ज्याला कायद्याने मनाई नाही अशा २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल लावून फिरता येतं. सरकारी युनिव्हर्सिटीच्या आवारातही २०१६ पासून परवानाधारकाला ते कपड्याआड बाळगता येतं. किराण्याच्या दुकानात पुढच्या माणसाच्या कमरेला पहिल्यांदा पिस्तूल दिसलं तेव्हा मी दुधाचा कॅन तिथेच ठेवून बाहेर आलो होतो. तो बिचारा कोथिंबिरीची जुडी निवडत होता.

हा हक्क तुमचा नाही, हे आधी डोक्यात घ्या. विद्यार्थी व्हिसा असो की नोकरीचा एच-वन-बी, बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला तिथल्या केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. शिकारीचं लायसन्स असलं तर सूट आहे, पण तो वकिलाला विचारायचा विषय. मित्राने "चालतं रे" म्हटलं म्हणून चालत नाही. शनिवारी आपली पोरं नेमबाजीच्या रेंजवर जातात, भाड्याची बंदूक हातात धरून फोटो टाकतात. ते हातात धरणंही बाळगण्यात मोडू शकतं, आणि प्रकरण थेट व्हिसावर येतं. रूममेटकडे बंदूक आहे का, कुठे ठेवतो, हे भाड्याच्या घराच्या लीजवर सही करायच्या आधी विचारा. तिथे या प्रश्नाचा सहसा कुणाला राग येत नाही. पुढे लेकरं झाली की ज्या घरी खेळायला जातील तिथेही विचारा.

आता ओट्याचं. आपण "काय काकू, आहात का घरात?" म्हणत थेट स्वयंपाकघरापर्यंत जाणारी माणसं. ती सवय विमानात बसायच्या आधी इथेच सोडा. १९९२ मध्ये लुईझियानातल्या बॅटन रूजला १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी पार्टीला जाताना चुकीच्या घरी गेला आणि घरमालकाच्या गोळीने मेला. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. पत्ता दोनदा बघा, फोन करा, फाटकाबाहेर थांबा. पोलिसाने गाडी थांबवली तर आपल्यासारखं उतरून त्याच्याकडे चालत जाऊ नका. हात स्टिअरिंगवर ठेवा आणि तो म्हणेल तेव्हाच कागद काढा.

एवढं सांगितलं की लोकांचं समाधान होतं, पण माझं होत नाही. टीव्हीवर दिसतो तो मॉलमधला गोळीबार. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांवर माणसं गेली, त्यातल्या २६ हजारांवर आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. प्रत्येक गोळीबारानंतर "वेडा होता" असं म्हणायची तिकडेही पद्धत आहे, इथे तर आहेच. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणाच्या वाटेलाही जात नाहीत; उलट त्यांनाच मार खावा लागतो. भीती धरायची तर बाहेरच्या वेड्यापेक्षा आपल्याच घरातल्या वाईट रात्रीची धरा. पहिला हिवाळा, कर्जाचा हप्ता, इंटर्नशिपचे नकार, आणि घरी फोनवर "बरं चाललंय". अहिराणीत "करमत नही" म्हणायला तिथे कुणी नसतं.

युनिव्हर्सिटीत समुपदेशक असतो, त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी फीमध्येच धरलेले असतात. तो घरी कळवत नाही. जिवाला धोका दिसला किंवा कायद्याने भागच पडलं तरच पुढे बोलतो. जीव नकोसा झाला तर मदतीचा ९८८ हा नंबर २०२२ पासून अमेरिकाभर चालतो, फोन करा किंवा मेसेज. इथे मागे राहिलेल्या आईबापांसाठी आपल्या सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस आहे, १४४१६. पोरगा गेल्यावर त्यांचीही झोप उडते, ते कुणी मोजत नाही.

काही राज्यांत घरच्यांनी किंवा पोलिसांनी अर्ज केला तर कोर्ट माणसाची बंदूक काही काळासाठी काढून घेऊ शकतं. कनेक्टिकटने १९९९ मध्ये सुरुवात केली, फ्लोरिडाने २०१८ मध्ये. टेक्सासमध्ये तसा कायदा नाही. तिथे हे काम घरच्यांनाच करावं लागतं.

माझ्या घरी ते बायकोने केलं. ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी, आल्यावर व्हिसावाल्यांची ती मनाई मला राहिली नाही; मग शेजारी चोरी झाली आणि मी पिस्तूल घेतलं, बेडरूमच्या कपाटात छोटी तिजोरी बसवली. २०२३ मध्ये नोकरी गेली. रात्री अडीचला मी दिवा न लावता किचनमध्ये बसायचो. एक दिवस पासपोर्ट शोधायला कपाट उघडलं तर तिजोरीच नव्हती. तीन आठवड्यांपूर्वीच ती मित्राकडे गेली होती. मित्र अमेरिकन नागरिक आहे, म्हणजे कायद्यातही बसत होतं. मी आवाज चढवला. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "बोंडअळीच्या वर्षी आईंनी फवारणीचे डबे कुठे ठेवले होते?"

२०१७ ची गोष्ट. कपाशी पूर्ण गेली होती, काका रात्र रात्र घराच्या धाब्यावर फेऱ्या मारायचे. आईने कुणाला न सांगता सगळे डबे शेजारच्यांच्या खळ्यात नेऊन कुलूप लावलं होतं. काकांनी कधी विचारलं नाही, आईने कधी सांगितलं नाही.

मी काही करणार नव्हतो, असं मी अजूनही म्हणतो. बायको त्यावर काही बोलत नाही. नोकरी लागून आता बरेच दिवस झाले. दर दिवाळीला फराळ झाला की मित्र विचारतो, "तुझी तिजोरी नेतोस का?" मी तोंड उघडायच्या आत ती चिवड्याचा डबा पुढे सरकवते, "राहू द्या भाऊजी, तिथेच."