एअर रायफलसाठी छर्रे कसे निवडावेत आणि घरी सराव कसा सुरू करावा

परदेशातील अनेक नेमबाज झाडलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या जपून ठेवतात आणि त्यांत नवी टोपी (घोड्याच्या आघाताने ठिणगी देणारी), मोजून घेतलेली दारू व गोळी बसवून घरीच काडतूस पुन्हा तयार करतात. त्याचे व्हिडिओ पाहून आपल्याकडील तरुणांना, विशेषतः रोही (नीलगाय) आणि रानडुकरांच्या त्रासामुळे पीकसंरक्षणाचा परवाना घेतलेल्या घरांतील तरुणांना, तसाच प्रयोग करावासा वाटतो. तो करू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो अधिकार येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यासाठी किमान ७ वर्षांचा कारावास आहे. मात्र गोळी आणि बंदुकीची नळी यांचा मेळ बसवण्याचा जो अभ्यास त्या छंदाचा गाभा आहे, तो ४.५ मिमी नळीव्यासाच्या आणि छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलच्या मर्यादेत असलेल्या एअर रायफलवर परवान्याशिवाय करता येतो. खरेदीच्या वेळी ओळखपत्र द्यावे लागते. पावती रायफलबरोबरच जपून ठेवावी.

१० मीटर स्पर्धेच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका केवळ ०.५ मिमीचा असतो आणि छर्‍याच्या कडेचा त्याला स्पर्श झाला तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्‍याचा मध्यबिंदू लक्ष्याच्या केंद्रापासून २.५ मिमीच्या आत पडला पाहिजे. रायफल घट्ट बसवूनही एखाद्या जातीचे छर्रे स्वतःच दोन-अडीच मिमी इकडेतिकडे जात असतील, तर नेमबाजाच्या हाताला चुकण्यासाठी फारशी जागा उरत नाही. नवशिक्यांचा सारा पैसा रायफलीवर जातो आणि छर्‍यांचा विचार शेवटी होतो. माझ्या मते हा क्रम उलटा असावा.

लक्ष्यासाठी सपाट तोंडाचे छर्रे घ्यावेत, कारण ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण वाचणे सोपे जाते. टोकदार छर्रे या कामाचे नाहीत. डब्यावर डोक्याचा व्यास ४.४८, ४.४९ किंवा ४.५० मिमी असा छापलेला असतो आणि रायफलीसाठीच्या छर्‍याचे वजन साधारण ०.५३ ग्रॅम असते. यातील कोणता व्यास आपल्या नळीला मानवेल हे दुकानदार सांगू शकत नाही, कारण एकाच कारखान्याच्या दोन नळ्यांची आवड वेगळी निघू शकते. म्हणून दोन-तीन प्रकारचे छोटे डबे घेऊन चाचणी करावी. रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवावी, प्रत्येक प्रकारचे पाच-पाच छर्रे वेगवेगळ्या कार्डांवर झाडावेत आणि प्रत्येक प्रकाराची किमान चार कार्डे करावीत. एका कार्डावरून निर्णय घेणे म्हणजे योगायोगावर विसंबणे होय. भोकांच्या समूहाचे सर्वांत लांबचे बाहेरचे अंतर मोजून त्यातून ४.५ मिमी वजा केले की खरा विस्तार कळतो. प्रकार बदलताना पहिले काही छर्रे मोजणीत धरू नयेत, कारण नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. स्प्रिंगची रायफल असेल तर ती पिशवीवर थेट टेकवू नये, उघड्या तळव्यावर सैल ठेवावी, कारण तिचा झटका दाबला गेला की छर्रे भलतीकडे जातात. अशी रायफल छर्‍याशिवाय झाडणेही टाळावे. त्याने आतील दट्ट्याला इजा होते.

जागेसाठी जुन्या वाड्याची लांब ओसरी, रिकामे गोदाम किंवा शेतातील आखाडा (शेतघर) चालतो. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर ठेवावा, त्यामागे छर्रे अडवणारी जाड लोखंडी पेटी लावावी आणि तिच्यामागे पक्की भिंत असावी. लक्ष्याच्या बाजूचे दार आतून बंद असल्याशिवाय रायफल भरू नये. चष्मा प्रत्येकाने लावावा, पाहणार्‍यानेही. झाडावरचे पक्षी हे लक्ष्य नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली ती शिकार ठरते.

शिसे विषारी आहे, आणि घरात लहान मुले असतील तर हा मुद्दा सर्वांत गंभीर समजावा. सरावाच्या वेळी काही खाऊ नये, नंतर हात साबणाने धुवावेत, पेटीजवळची धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके घरातल्या कामाला वापरू नये.

मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. दाबाच्या हवेचे सिलिंडर असलेली रायफल उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नये, आणि सिलिंडर त्यावर लिहिलेल्या दाबापलीकडे भरू नये. बहुतेक स्पर्धा-रायफलींसाठी ही मर्यादा २०० बार असते. पावसाळ्यात छर्‍यांवर पांढरट भुकटी धरते. म्हणून डबे घट्ट बंद करून कोरड्या जागी ठेवावेत. चाचणीत जो प्रकार निवडला त्याच्या डब्यावरचा बॅच क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि त्याच बॅचचे वर्षभर पुरतील एवढे डबे एकदम घ्यावेत, कारण बॅच बदलली की चाचणी नव्याने करावी लागते.