ब्लोअर फक्त ४ नंबरवरच चालतोय? आधी रेझिस्टर बघा

गाडीतल्या एसी-हीटरचा पंखा १, २, ३ वर गप्प आणि ४ वर मात्र जोरात, असं झालं की लगेच मोटर बदलू नका. मोटर चालतेय, गेलाय तो बहुधा ब्लोअर रेझिस्टर, म्हणजे १ ते ३ वर पंख्याचा वेग कमी ठेवणारा भाग. मोटरपेक्षा खूप स्वस्त आणि घरी बदलता येतो. (ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत भाग वेगळा असतो.)

१. इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पंखा नुकताच चालवला असेल तर थोडं थांबा, रेझिस्टर चटका देण्याइतका तापतो.

२. ग्लोव्ह बॉक्स उतरवा. बऱ्याच गाड्यांत त्याच्यामागे, ब्लोअरच्या प्लॅस्टिकच्या डब्यावर, एकदोन स्क्रूंनी बसवलेला छोटा भाग दिसेल.

३. कपलरचं (रेझिस्टरला जोडलेल्या वायरींच्या प्लगचं) लॉक दाबून सोडवा, वायर धरून ओढू नका. मग स्क्रू काढून रेझिस्टर बाहेर घ्या.

४. जुना भाग घेऊनच दुकानात जा आणि पिना जुळवून बघा. नवीन बसवल्यावर बॅटरीची वायर परत जोडा आणि ग्लोव्ह बॉक्स लावण्याआधी चारही स्पीड तपासा.

कपलर मात्र उजेडात नीट बघा. प्लॅस्टिक वितळलंय किंवा पिना काळ्या पडल्यात तर तोही बदला, नाहीतर नवा रेझिस्टरही जळेल. केबिन फिल्टर धुळीने गच्च असेल तर तोही लगे हात बदला, कारण रेझिस्टरला थंड ठेवते ती ब्लोअरचीच हवा. म्हणूनच रेझिस्टर डब्याबाहेर लटकत ठेवून पंखा कधीही चालवू नका, कॉइल लालभडक होते.