सागरी गोगलगायीच्या नव्या प्रजातीचं वर्णन कसं करावं

ओहोटीला खडकातल्या डबक्यात एखादी रंगीत, कवच नसलेली गोगलगाय दिसते, कुठल्याच पुस्तकात तिचा फोटो सापडत नाही आणि मन लगेच नाव शोधू लागतं. जरा दमानं घ्या. ती नवी असण्यापेक्षा जुन्या कुठल्यातरी ग्रंथात तिचं नाव पडून असण्याचीच शक्यता जास्त. नवी दिसणारी गोगलगाय सापडणं सोपं. ती नवी आहे हे दाखवून देणं कठीण.

१. आधी जिवंतपणी टिपून घ्या. अल्कोहोलमध्ये गेली की तिचे रंग उडतात. वरून, बाजूनं, खालून फोटो घ्या. डोक्यावरची शिंगं आणि पाठीवरचे कल्ले स्पष्ट दिसू द्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. अक्षांश-रेखांश, खोली, तारीख आणि ती कशावर बसली होती हे लगेच लिहा. स्पंज की हायड्रॉइड (झुडपासारखा दिसणारा बारीक सागरी प्राणी), हा तपशील बारीक वाटतो; पण यातल्या पुष्कळ जातींचं खाणं ठरलेलं असतं.

२. परवानगी. मालवणसारख्या सागरी अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय नमुना उचलायचा नाही. इतरत्रही आधी चौकशी करा. हौशी निरीक्षकानं फोटोवर थांबून संशोधन संस्थेला कळवणं हेच उत्तम.

३. नमुना राखणं. थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर ती आक्रसून गोळा होते. म्हणून आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या सुमारे ७.५ टक्के द्रावणात तिला शिथिल होऊ द्या. डीएनएसाठी पायाचा छोटा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळा ठेवा. फॉर्मेलिननं डीएनएची वाट लागते. एकाच नमुन्यावर भागत नाही: एक चिरायला लागतो, एक अखंड ठेवावा लागतो.

४. आतून पाहणं. खरी कसोटी इथे. एकाच जातीचे रंग वेगवेगळे असू शकतात आणि दोन वेगळ्या जाती हुबेहूब सारख्या दिसू शकतात, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबू नये. सूक्ष्मदर्शकाखाली चिरून प्रजननसंस्थेची रचना रेखाटा; हे प्राणी उभयलिंगी असल्यानं ती बरीच गुंतागुंतीची असते. मुखाचा स्नायुगोळा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवला की मांस विरघळतं आणि रेड्युला, म्हणजे दातांची पट्टी, उरते. तिचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं फोटो काढा, ओळी आणि दात मोजा.

सगळ्यांना रेड्युला असतोच असं नाही. २०२४ साली जाहीर झालेली ‘मेलानोक्लॅमिस द्रौपदी’ पाहा. पश्चिम बंगालमधलं दिघा आणि ओडिशातलं उदयपूर इथल्या ओल्या वाळूतली ही काळपट-तपकिरी गोगलगाय जेमतेम ७ मिलिमीटरची, मागच्या टोकाला माणकासारखा लाल ठिपका. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्यावरून तिचं नाव ठेवलं. या वंशात, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, रेड्युला नसतो, म्हणून शरीराच्या आत दडलेलं छोटं कवच आणि प्रजननसंस्था यांना महत्त्व येतं.

५. डीएनए. प्राण्यांच्या जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून जेनबँक या डीएनएच्या सार्वजनिक संग्रहातल्या नोंदींशी ताडून पाहा. जुळणी न मिळणं हा नवेपणाचा पुरावा नव्हे. जवळच्या जातीचं डीएनए कुणी अजून वाचलंच नसेल.

६. जुनी दप्तरं. कंटाळवाणं, पण टाळता न येणारं काम. जोशुआ आल्डर आणि ऑल्बनी हॅन्कॉक या इंग्रज निसर्गअभ्यासकांनी भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अनेक गोगलगायींचं वर्णन १८६४ मध्येच केलं, तेही वॉल्टर इलियट यांनी जमवलेले नमुने आणि रंगीत चित्रं समोर ठेवून. अशी वर्णनं वाचल्याशिवाय दावा करू नये. त्या वंशातल्या प्रत्येक ज्ञात जातीपेक्षा तुमची कशी वेगळी, हे मुद्देसूद लिहा.

७. नाव आणि प्रसिद्धी. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नाव दोन शब्दांचं हवं आणि एक नमुना ‘होलोटाइप’, म्हणजे त्या नावाचा अधिकृत आधार-नमुना, म्हणून ठरवायला हवा. स्वतःचं नाव देणं शिष्टसंमत नाही. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे त्याची झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंद हवी आणि ती केल्याचा पुरावा लेखातच छापलेला हवा.

८. नमुना जमा करणं. भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीची माहिती आणि नमुने अधिकृत भांडाराला द्यावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्यांपैकी एक. तिथला नोंदणी क्रमांक लेख पाठवण्याआधी मिळवा, कारण होलोटाइप कुठे ठेवला आहे हे लेखात सांगायचं असतं.