अ‍ॅप उघडल्या उघडल्या लॉगिन नको, लागेल तेव्हाच दाखवा

देवगड-रत्नागिरीकडचे बरेच बागायतदार आता हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाईकाला विकतात, आणि त्यासाठी कोणी अ‍ॅप करायला घेतलं की पहिली स्क्रीन ठरलेली, मोबाईल नंबर टाका, ओटीपी टाका. अहो, त्याला आधी भाव तर बघू दे! पेटी केवढ्याला, माल कधी निघणार, एवढं बघायला लॉगिन कशाला? ज्या अ‍ॅपमध्ये खात्यावर अवलंबून असलेलं फारसं काही नाही ते लॉगिनशिवाय वापरू द्या, असं अ‍ॅपलच्या नियमांतही आहे.

फ्लटरमध्ये (मोबाईल सॉफ्टवेअर बनवायचं गूगलचं साधन) गो-राऊटर (एका स्क्रीनवरून दुसरीवर नेणारं पॅकेज) असेल तर काम सोपं आहे. त्यात रिडायरेक्ट नावाचं फंक्शन असतं, नल (म्हणजे काहीच नाही) परत दिलं तर माणूस जातोय तिथे जातो, लॉगिन स्क्रीनचा पत्ता दिला तर तिकडे वळतो. 'ऑर्डर करा' आणि 'माझ्या ऑर्डरी' एवढ्यांनाच ही अट लावा, बाकी सगळं मोकळं. वळवताना मूळ स्क्रीनचा पत्ता सोबत पाठवा म्हणजे लॉगिन झाल्यावर तो परत पेटीवरच येईल, होमवर नाही, आणि बॅक दाबलं तर लॉगिन पुन्हा दिसता कामा नये.

अ‍ॅप सुरू होताना टोकन (लॉगिन झाल्याची फोनमध्ये ठेवलेली खूण) वाचायला क्षणभर लागतो, तेवढ्यात लॉगिन चमकून जातं ते फार वाईट दिसतं, म्हणून 'लॉगिन आहे' आणि 'लॉगिन नाही' यांसोबत 'अजून कळलं नाही' अशी तिसरी अवस्था ठेवा आणि तोवर स्प्लॅशच (सुरुवातीची लोगोची स्क्रीन) राहू द्या.

खरी गोम पुढेच आहे. बंदरावर रेंज फुल, बागेत शिरलं की गायब, घाटात तर विचारूच नका. रिक्वेस्ट फेल झाली म्हणून युजरला लॉगिनवर फेकलंत तर तो बिचारा ओटीपीची वाट बघत बसणार, जो रेंज नाही म्हणून येणारच नाही! टाइमआऊट म्हणजे लॉगआऊट नव्हे, 'नेट नाही' सांगा आणि जुना डेटा दाखवा. सर्व्हरने ४०१ ('ओळख पटली नाही' असा कोड) दिला तर आधी रिफ्रेश टोकन (नवं टोकन मागून घ्यायची वेगळी खूण) वापरून बघा (चार रिक्वेस्ट एकदम फेल झाल्या तरी रिफ्रेश एकदाच, बाकीच्या थांबतील), तेही सर्व्हरने नाकारलं तरच टोकन पुसून लॉगिन. ४०३ आला तर लॉगिन दाखवून काडीचा उपयोग नाही, कारण माणूस कोण ते कळलंय, त्याला परवानगी नाहीये.

टेस्ट करताना ऑर्डरचा फॉर्म अर्धा भरून एअरप्लेन मोड लावून बघा, पत्ता-पिनकोड पुसला गेला तर आधी ते दुरुस्त करा.