मायस्थेनियाच्या पेशंटचं ऑपरेशन ठरलंय? मग आधी हे वाचा

ऑपरेशनची तारीख मिळाली की लगेच भूलतज्ज्ञांची वेगळी वेळ घ्या, आदल्या रात्रीवर अजिबात ठेवू नका. मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये शरीराच्याच अँटिबॉडीज नस आणि स्नायू जुळतात तिथे हल्ला करतात आणि स्नायू लवकर थकतात, त्यामुळे भूल देताना स्नायू सैल करायला जे रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम वगैरे देतात ते या पेशंटला थोडंसं दिलं तरी भारी पडतं, आणि स्नायू सैल करणाऱ्याच सक्सिनिलकोलिन या औषधाचं बरोब्बर उलट, ते जास्त लागतं. रोक्युरोनियम दिलंच तर उतरवायला सुगामाडेक्स आहे का ते विचारा, आणि फक्त तेवढा भाग बधिर करून काम भागतं का तेही.

पायरिडोस्टिग्मिनची (मायस्थेनियात स्नायूंना ताकद देणारी नेहमीची गोळी) सकाळची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. स्टिरॉइड चालू असेल तर ते मनाने बंद करायचं नाही म्हणजे नाही. गिळताना ठसका लागतोय, दम लागतोय आणि ऑपरेशन तातडीचं नाहीये तर थांबा, आधी आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या निरोगी लोकांच्या अँटिबॉडीज) किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव भाग बदलून त्रासदायक अँटिबॉडीज काढणं) करून ताकद आणता येते.

काही अँटिबायोटिक्स आणि मॅग्नेशियमने मायस्थेनियाचा अशक्तपणा वाढू शकतो, म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा: जेंटामायसिन, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, शिरेतून मॅग्नेशियम, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय नको. ड्युटी बदलली की नवीन सिस्टरना परत सांगा, कंटाळू नका.

खरी काळजी ऑपरेशननंतर. माझ्या आईच्या वेळी दुसऱ्या दिवशी ऑक्सिमीटर 97 दाखवत होता म्हणून आम्ही निवांत, पण तिचा आवाज नाकातून यायला लागला, थुंकी गिळवेना, उशीवरून मान उचलेना. एका दमात आकडे मोजायला लावले तर ऑपरेशनआधी 30 पर्यंत जाणारी आई 13 वरच थांबली! लगेच डॉक्टरांना बोलावलं, आयसीयूत हलवलं, मशीनवर श्वास दिला म्हणून निभावलं. श्वासाचे स्नायू थकले तरी ऑक्सिजनचा आकडा अगदी शेवटी पडतो, त्याच्या भरवशावर बसू नका प्लीज.

अशा वेळी घाबरून पायरिडोस्टिग्मिनची जास्तीची गोळीही देऊ नका, कारण डोस जास्त झाला तरी अशक्तपणाच येतो, सोबत लाळ, घाम, जुलाब. झोपेच्या आणि जोरदार पेनकिलरच्या गोळ्यांनी श्वास आणखी मंदावतो, त्याही विचारूनच. घरी आल्यावर काही दिवस सकाळ-संध्याकाळ एका दमातले आकडे वहीत लिहा, आणि गोळी घेऊन किती वेळ झाला होता तेही बाजूला लिहा.