मॉर्मनचं पुस्तक आणि बायबल, शेजारी ठेवून

मॉर्मनचं पुस्तक, म्हणजे मॉर्मन पंथाचा धर्मग्रंथ, पहिल्या पानापासून सुरू करू नका. मी केलं आणि लढायांच्या अध्यायांत अडकले. थेट त्यातल्या ‘तिसरा नेफी’ या भागाचा अध्याय 12 उघडा, शेजारी बायबलमधलं मत्तय 5. आत्म्याने दीन ते धन्य, हे दोन्हीकडे आहे. नेफीत ‘जे माझ्याकडे येतात’ एवढी भर. तिथे पेन्सिलीने खूण करा.

मग दुसरा नेफी 25:23: कृपेने तारण, पण आपल्याला जमेल ते सगळं केल्यावर. (या ‘केल्यावर’वरून मॉर्मन लोकांतही वाद आहेत.) बायबलमधल्या इफिसकरांस 2:8-9 मध्ये मात्र कर्मांचा हिशेबच नाही.

खरी दरी 1830 च्या या पुस्तकात नाहीच, त्यांच्या ‘सिद्धांत आणि करार’ या दुसऱ्या धर्मग्रंथात, 130:22 मध्ये आहे: देवपित्याला हाडामांसाचं शरीर आहे. योहान 4:24 सांगतो, देव आत्मा आहे. आईला हे वाचून दाखवलं, तर ती चहा गाळता गाळता थांबली.